स्थानिक लोहमार्ग आणि प्राचीन कोरियन राज्यांची वारसास्थळे : एक परिचय

प्रस्तावना

कोरियाच्या प्राचीन इतिहासाचा विचार करताना गोगुर्यो, बेक्जे आणि सिल्ला या तीन राज्यांचा आणि त्यांच्या जोडीला गाया या लहान राज्यसंघाचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. परंपरेने सिल्लाची स्थापना इ. स. पूर्व ५७ मध्ये, तर बेक्जेची इ. स. पूर्व १८ मध्ये मानली जाते. इ. स. ६६० मध्ये बेक्जे आणि ६६८ मध्ये गोगुर्यो यांचा पाडाव झाल्यानंतर द्वीपकल्पाचा मोठा भाग सिल्लाच्या सत्तेखाली आला आणि ही सत्ता ९३५ पर्यंत टिकली. या राज्यांच्या राजधान्या, समाधिटेकड्या, विहार आणि तटबंद्या यांचे अवशेष आज दक्षिण कोरियात विखुरलेले आहेत. त्यांतील अनेक स्थळांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झालेला आहे.

या स्थळांपर्यंत साध्या स्थानिक रेल्वेने, म्हणजे शहरी भुयारी गाडीने, उन्नत मार्गावरील हलक्या रेल्वेने किंवा मुगुंगह्वा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंदगती गाडीने कसे पोहोचता येते, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. मात्र हा केवळ प्रवासमार्गाचा तपशील नव्हे. कोरियात लोहमार्ग कोठून गेला आणि कोठून गेला नाही, यावर प्राचीन अवशेषांचे भवितव्य बऱ्याच अंशी ठरत आले आहे. रूळ स्थळाजवळून गेला की प्रवाशाची सोय होते, परंतु स्थळाला इजा पोहोचते. रूळ दूर नेला की अवशेष मोकळे होतात, परंतु पायी हिंडणारा अभ्यासक त्यांच्यापासून दुरावतो. इतिहास, पुरातत्त्व, भूगोल आणि पर्यटन या विषयांच्या अध्यापकांना हा पेच विचारात घेण्याजोगा वाटेल.

गोगुर्योविषयी येथे थोडक्यातच लिहावे लागते. या राज्याच्या राजधान्या आणि भित्तिचित्रे असलेल्या समाध्या आजच्या उत्तर कोरियात आणि चीनच्या ईशान्य भागात आहेत. २००४ मध्ये त्या दोन स्वतंत्र नोंदींद्वारे वारसा यादीत आल्या. दक्षिणेकडून तेथे जाणारी रेल्वे नाही. सोलच्या पूर्वेकडील आचा टेकडीवर गोगुर्योच्या सैन्याने बांधलेल्या लहान गढ्यांचे अवशेष मात्र आहेत. भुयारी रेल्वेच्या पाचव्या मार्गावरील आचासान स्थानकावर उतरून ती टेकडी चढता येते.

राजधानीच्या पोटात : सोल

बेक्जेची पहिली राजधानी हानसाँग ही हान नदीच्या दक्षिण तीरावर होती. गोगुर्योच्या स्वारीत ४७५ मध्ये ती पडली आणि नंतर तिची जागाही विस्मृतीत गेली. आज ही राजधानी सोल महानगराच्या इमारतींखाली गाडलेली आहे. भुयारी रेल्वेच्या आठव्या मार्गावर मोंगचॉनतोसाँग नावाचे स्थानक आहे. त्या नावाचा अर्थच मुळी ‘मोंगचॉनचा मातीचा कोट’ असा होतो. स्थानकाबाहेर पडताच १९८८ च्या ऑलिंपिक स्पर्धांसाठी उभारलेले उद्यान लागते आणि त्या उद्यानातील हिरव्या लाटेसारखा उंचवटा ही बेक्जेची तटबंदी होय. या परिसरातील उत्खनने मुख्यतः ऑलिंपिकच्या तयारीच्या निमित्ताने १९८० च्या दशकात झाली.

जवळच असलेल्या पुंगनाप या दुसऱ्या कोटाची कथा अधिक क्लेशदायक आहे. १९२५ च्या महापुरात त्याच्या पश्चिमेकडील तटाचा भाग वाहून गेला. उरलेल्या तटाच्या आत लोकवस्ती वाढत गेली आणि १९९७ मध्ये एका गृहसंकुलाचा पाया खणताना बेक्जेकालीन थर उघडे पडले. तेव्हापासून अभ्यासकांचे एकमत या जागेच्या बाजूने वळू लागले. पण तेथील रहिवाशांची घरबांधणी अडकून पडली. २००० मध्ये तर संतप्त पुनर्विकासपक्षाकडून उत्खननाच्या एका भागावर यंत्र चालवले गेले. आज चॉनहो स्थानकातून बाहेर पडणाऱ्या प्रवाशाला घरे, दुकाने आणि मधूनच गवताने झाकलेला उंच बांध असे दृश्य दिसते. वारसास्थळ म्हणजे कुंपण घातलेले ओसाड मैदान, ही आपली नेहमीची कल्पना येथे उपयोगी पडत नाही. जतनाचा खर्च येथे कोणाच्या तरी छपराने भरलेला आहे.

सोकचॉन या भागातील पायऱ्या-पायऱ्यांच्या दगडी समाध्या त्याच काळातील आहेत. २०१८ च्या डिसेंबरात नवव्या मार्गाचा विस्तार झाला आणि ‘सोकचॉन प्राचीन समाध्या’ तसेच ‘हानसाँग बेक्जे’ अशा नावांची स्थानके प्रवाशांच्या तोंडी आली. या समाध्यांमधून पूर्वी एक हमरस्ता जात असे. समाध्या वाचवण्यासाठी तो जमिनीखाली नेण्यात आला. पुढे त्या भुयारी रस्त्याच्याही खालून रेल्वेचा बोगदा खणला जात असताना, २०१४ च्या ऑगस्टमध्ये, तेथे मोठी पोकळी आढळली. ती बोगद्याच्या कामामुळे निर्माण झाल्याचा निष्कर्ष महापालिकेच्या चौकशीत निघाला. वर समाधी, तिच्याखाली रस्ता आणि त्याखाली रेल्वे अशी ही तीन मजली रचना आहे. जागतिक वारसा यादीत बेक्जेची जी स्थळे आहेत त्यांत सोलमधील एकही नाही, हेही लक्षात घ्यावे.

रूळ जेथे गेलाच नाही : गोंगजू आणि बुयो

हानसाँग पडल्यावर बेक्जेने राजधानी दक्षिणेस उंगजिन येथे, म्हणजे आजच्या गोंगजूला, हलवली आणि ५३८ मध्ये तेथून साबी, म्हणजे बुयो येथे नेली. (गोंगजू आणि सिल्लाची राजधानी ग्योंगजू ही दोन नावे मराठी कानांना सारखीच वाटतात. तिकीट काढताना तरी हा घोटाळा टाळावा, कारण एक शहर पश्चिमेस आहे आणि दुसरे आग्नेयेस.)

बुसान ते सोल हा मुख्य लोहमार्ग जपानी वर्चस्वाच्या काळात १९०५ मध्ये सुरू झाला. तो देजॉन या तोवर नगण्य असलेल्या ठिकाणावरून गेला. पुढे तेथूनच नैऋत्येकडे जाणारा होनाम मार्ग फुटला आणि १९१४ मध्ये पूर्ण झाला. गोंगजू हे तेव्हा दक्षिण चुंगचाँग प्रांताचे मुख्य ठिकाण होते, पण ते रुळापासून बाजूला राहिले. देजॉन वाढत गेले आणि अखेर १९३२ मध्ये प्रांताची कचेरीही गोंगजूहून देजॉनला हलवण्यात आली. बेक्जेच्या दोन्ही जुन्या राजधान्या आज लहान, शांत गावे आहेत, यामागे हे एक ठळक कारण आहे.

रूळ नसल्यामुळे अवशेष आपोआप वाचले, असा भाबडा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. गोंगजूच्या सोंगसान टेकडीवरील समाध्या १९३० च्या दशकात एका जपानी शिक्षकाने खणल्या. त्याच टेकडीवरील राजा मुर्योंगची समाधी त्याच्या नजरेतून सुटली आणि १९७१ च्या जुलैमध्ये शेजारच्या समाध्यांत झिरपणारे पाणी काढून देण्यासाठी चर खणताना अकस्मात सापडली. ती अभंग होती. आतील कोरीव शिलेमुळे ५०१ ते ५२३ या काळात राज्य करणाऱ्या राजाची ओळखही निश्चित झाली. प्राचीन कोरियन राजसमाध्यांत अशी खात्री क्वचितच लाभते. परंतु बघ्यांच्या आणि पत्रकारांच्या गर्दीत ती जवळजवळ एका रात्रीत रिकामी केली गेली. उत्खननाचे प्रमुख किम वॉन-योंग यांनी या घाईबद्दल पुढे खेद व्यक्त केला. कोरियन पुरातत्त्वाच्या अभ्यासक्रमात हा प्रसंग आजही धडा म्हणून शिकवण्याजोगा आहे.

बुयोतही असेच घडले. १९९३ च्या डिसेंबरात नुंगसान-री येथील विहाराच्या जागी सुवर्णमुलाम्याची कांस्य धूपदाणी सापडली. कमळाच्या पाकळ्या, त्यावर डोंगरांची रांग आणि शिखरावर पंख पसरलेला पक्षी अशी तिची घडण असून बेक्जेच्या कलेचा तो मुकुटमणी मानला जातो. या जागेचे उत्खनन झाले ते मोटारींच्या तळाची योजना होती म्हणून. रेल्वे आली नाही तरी मोटार येतेच, आणि तिला रुळापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते.

आज बुयोला रेल्वे नाही. होनाम मार्गावरील नोनसान येथे उतरून बसने जाणे सोयीचे. गोंगजूच्या नावाचे स्थानक २०१५ च्या एप्रिलमध्ये अतिवेगवान मार्गावर झाले खरे, पण ते गावापासून बरेच दूर आहे आणि स्थानिक गाड्या तेथे येत नाहीत. या दोन ठिकाणी रेल्वेचा हट्ट धरू नये, हेच प्रांजळपणे सांगायला हवे. गोंगजू, बुयो आणि इक्सान येथील आठ स्थळे २०१५ मध्ये ‘बेक्जे ऐतिहासिक क्षेत्रे’ या नावाने जागतिक वारसा यादीत आली.

त्यांपैकी इक्सान हे मात्र रेल्वेचेच अपत्य आहे. इरी या जुन्या नावाने १९१२ मध्ये स्थानक उघडले आणि त्याच्याभोवती गाव वाढले. इक्सान हे आजचे नाव शहराला १९९५ मध्ये मिळाले. आज हे मोठे जंक्शन असून साध्या गाड्याही येथे भरपूर थांबतात. स्थानकावरून नगर बसने मिरुक्सा या विहाराच्या अवशेषांपर्यंत जाता येते. तेथील पश्चिमेकडच्या दगडी स्तूपमनोऱ्याचा कोसळलेला भाग १९१५ मध्ये जपानी प्रशासनाने काँक्रीट ओतून थोपवला होता. २००१ मध्ये तो उतरवण्यास आरंभ झाला आणि २००९ च्या जानेवारीत मनोऱ्याच्या गाभ्यात सोन्याच्या पत्र्यावरील लेख मिळाला. त्यात ६३९ हे वर्ष असून विहाराची दात्री राणी ही सातेक घराण्यातील कन्या असल्याचे म्हटले आहे. सिल्लाच्या राजकन्येच्या प्रेमकथेशी जोडलेली या विहाराची लोकप्रिय दंतकथा त्यामुळे डळमळली. दुरुस्त झालेला मनोरा २०१९ मध्ये खुला झाला तो मुद्दाम अपूर्ण ठेवून, जेवढा शिल्लक होता तेवढाच. त्याच्या शेजारी १९९० च्या दशकात यंत्राने कापलेल्या नव्या दगडांत पूर्णपणे उभारलेला पूर्वेकडचा मनोरा आहे. जीर्णोद्धाराच्या दोन तत्त्वांचा असा समोरासमोरचा पाठ वर्गात फळ्यावर देता येणार नाही.

रूळ आला आणि गेला : ग्योंगजू

सिल्लाची राजधानी ग्योंगजू येथे या सगळ्या प्रश्नाचा गाभा दिसतो. १९१८ मध्ये येथे अरुंद लोहमार्ग पोहोचला. पुढे तो रुंद करून बुसानकडे जाणाऱ्या मार्गाशी जोडण्यात आला. रूळ टाकताना प्राचीन नगराची पर्वा केली गेली नाही. ६७९ मध्ये राजा मुनमूच्या काळात बांधलेल्या साचॉनवांगसा या विहाराच्या अवशेषांवरूनच तो गेला. ६७४ मध्ये खोदलेल्या वोल्जी या राजतलावाच्या आणि ह्वांगन्योंगसा विहाराच्या मधून रोज गाड्या धडधडत. याच ह्वांगन्योंगसाचा नऊ मजली लाकडी मनोरा १२३८ च्या मंगोल स्वारीत जळाला होता. १९२६ मध्ये रेल्वेच्या कामासाठी मातीची गरज भासली, तेव्हा ती एका समाधिटेकडीतून घेण्यात आली. तिच्या उत्खननात तेव्हा जपानच्या भेटीवर असलेला स्वीडनचा युवराज सहभागी झाला. आत सुवर्णमुकुट मिळाला. स्वीडनच्या चिनी नावातील एक अक्षर आणि मुकुटावरील पक्ष्याचे अक्षर जोडून या समाधीला सोबोंगचोंग असे नाव पडले. हडप्पाच्या विटा लाहोर-मुलतान लोहमार्गाखाली गेल्याचे आपण विद्यार्थ्यांना सांगत असतोच. त्याच पठडीतील ही गोष्ट आहे.

अशा रीतीने आलेली रेल्वे प्रवाशाच्या दृष्टीने मात्र अत्यंत सोयीची होती. बुसानच्या बुजॉन स्थानकातून मुगुंगह्वा गाडी निघे आणि ग्योंगजूच्या मध्यवस्तीत उतरवी. स्थानकासमोर साँगदाँग बाजार होता आणि तेथून पायी किंवा भाड्याच्या सायकलने गवताळ समाधिटेकड्यांचे देरुंगवॉन उद्यान, राणी सॉनदॉकच्या काळातील चॉमसाँगदे वेधशाळा आणि वोल्जी तलाव पाहता येत असे. देरुंगवॉनमधील चॉनमाचोंग ही समाधी १९७३ मध्ये खणली गेली असून तिच्या आत शिरून रचना पाहता येते. वोल्जीच्या गाळातून १९७५-७६ मध्ये निघालेल्या वस्तूंवरून सिल्लाच्या दरबारी जीवनाचे दर्शन घडले. पुढच्या एका स्थानकाचे नावच बुल्गुक्सा होते. तेथून डोंगराच्या कुशीतील बुल्गुक्सा विहार आणि वरची सोक्कुराम ही बुद्धमूर्तीची गुंफा गाठता येई. ही दोन्ही स्थळे १९९५ मध्ये, तर शहरातील इतर क्षेत्रे २००० मध्ये जागतिक वारसा यादीत आली.

दरम्यान सोल-बुसान अतिवेगवान रेल्वेची आखणी सुरू झाली होती. तिचा मूळ मार्ग शहराला लागून ह्याँगसान नदीच्या खोऱ्यातून नेण्याचा विचार होता. १९९० च्या दशकाच्या मध्यास पुरातत्त्वज्ञ, बौद्ध संघ आणि नागरिक यांनी त्याला कडाडून विरोध केला. जमिनीखाली काय आहे हे माहीत नसलेल्या राजधानीतून खांब रोवत जाणे म्हणजे पूर्वीच्याच अपराधाची मोठ्या प्रमाणावर पुनरावृत्ती, असा या विरोधाचा आशय होता. सरकारने अखेर माघार घेतली. मार्ग पश्चिमेकडे वळवण्यात आला आणि २०१० च्या नोव्हेंबरमध्ये शहराबाहेर ‘सिनग्योंगजू’, म्हणजे नवे ग्योंगजू, हे स्थानक सुरू झाले. वारसारक्षणाच्या दृष्टीने हा विजय होता, यात शंका नाही.

परंतु विजयाची किंमत पुढे कळली. जुना मार्गही अवशेषांवरून हटवण्याचे ठरले आणि २०२१ च्या डिसेंबरअखेर ग्योंगजूचे जुने स्थानक आणि बुल्गुक्सा स्थानक ही दोन्ही बंद झाली. साध्या गाड्यादेखील शहराबाहेरच्या नव्या स्थानकाकडे वळल्या. २०२३ च्या डिसेंबरात त्या स्थानकालाच ‘ग्योंगजू’ हे नाव देण्यात आले. परिणामी त्यापूर्वीच्या प्रवासपुस्तकांतील ‘ग्योंगजू स्थानक’ आणि आजचे ‘ग्योंगजू स्थानक’ या दोन वेगळ्या जागा आहेत. जुन्या पुस्तकाच्या आधारे निघालेला वाचक ‘स्थानकावरून पायी दहा मिनिटे’ असे वाचून चालू लागला, तर तो शेतांतच हिंडत राहील. आता स्थानकावरून बस घ्यावी लागते आणि मगच देरुंगवॉनपाशी पोहोचता येते. जुन्या स्थानकाच्या इमारतीत २०२२ पासून ‘ग्योंगजू सांस्कृतिक भवन १९१८’ चालते; बाजारही भरतो; मात्र गाडीतून उतरून थेट बाजारात शिरणारा प्रवासी आता उरलेला नाही.

साचॉनवांगसाच्या चौथऱ्यांवर उभे राहिल्यास रूळ हटवणे योग्यच होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तथापि स्थानक आणि शहर यांना जोडणारी एखादी हलकी रेल्वे अगोदर उभारून मग जुने स्थानक बंद करता आले असते. तसे न झाल्याने पर्यटक मोटारीकडे वळतो, आणि मोटारतळांसाठी लागणारी जमीन शेवटी याच प्राचीन नगरातून घ्यावी लागते. बुयोच्या धूपदाणीचे उदाहरण वर आलेच आहे.

बुसानहून येणाऱ्या अभ्यासकाने आजही अतिवेगवान गाडी टाळावी, असे सुचवावेसे वाटते. बुजॉन ते उल्सानमधील तेह्वागांग असा उपनगरी मार्ग २०२१ पासून चालू असून तेथे गाडी बदलून पुढे जाता येते. मुगुंगह्वा गाड्यांचे जुने डबे क्रमाने बाद होत आहेत आणि २०२३ पासून ‘आयटीएक्स-माउम’ या नव्या गाड्या त्यांची जागा घेऊ लागल्या आहेत. मुगुंगह्वा हे कोरियाच्या राष्ट्रीय फुलाचे, आपल्या जास्वंदीच्या कुळातील एका फुलाचे, नाव आहे. ते वेळापत्रकातून पुसले जाण्यापूर्वी या गाडीने एकदा प्रवास करावा.

उन्नत मार्गावरून गाया

गिम्हे हे बुसानच्या पश्चिमेस असलेले शहर म्हणजे ग्युमग्वान गाया या राज्याचे केंद्र. परंपरेनुसार राजा सुरोने इ. स. ४२ मध्ये ते स्थापन केले आणि ५३२ मध्ये ते सिल्लात विलीन झाले. लोखंडाचे उत्पादन आणि समुद्री व्यापार यांवर गायाची भरभराट उभी होती. येथील देसाँग-दाँग समाध्यांसह गायाची सात समाधिक्षेत्रे २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली.

२०११ च्या सप्टेंबरमध्ये बुसानच्या सासांग स्थानकापासून गिम्हेपर्यंत चालकविरहित हलकी रेल्वे सुरू झाली. हा मार्ग खांबांवरून जातो आणि त्यावर ‘राजा सुरोची समाधी’ व ‘संग्रहालय’ अशी स्थानके आहेत. दोन्ही ठिकाणांहून स्थळे पायी गाठता येतात. ग्योंगजूला जे साधले नाही ते येथे साधलेले दिसते. अर्थात अपेक्षित प्रवासीसंख्या न लाभल्याने या मार्गाचा आर्थिक भार दोन्ही शहरांना सोसावा लागला, हीदेखील वस्तुस्थिती आहे.

भारतीय वाचकाला गिम्हेचे विशेष कुतूहल वाटते ते सुरोच्या राणीमुळे. तेराव्या शतकात इर्यॉन या भिक्षूने संकलित केलेल्या ‘सामगुक युसा’ या ग्रंथात हो ह्वांग-ओक ही राजकन्या इ. स. ४८ मध्ये ‘आयुता’ देशाहून जहाजाने आल्याची कथा आहे. हे आयुता म्हणजे अयोध्या, असे मानून २००१ मध्ये अयोध्येत तिचे स्मारक उभारण्यात आले आणि गिम्हेचे किम व हो कुळातील लोक तेथे येऊ लागले. सुरोच्या समाधीच्या दारावरील जोडमाशांचे चिन्हही या संबंधाचा पुरावा म्हणून पुढे केले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबणे इष्ट. कथा आणि तिची लिखित नोंद यांत बाराशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे आणि पहिल्या शतकात ते नगर साकेत या नावाने अधिक परिचित होते. थायलंडमधील अयुथ्यया हा पर्याय तर संभवतच नाही, कारण ते नगर १३५१ मध्ये, म्हणजे ‘सामगुक युसा’नंतर, वसले. राणीच्या समाधीजवळ एक लहान, झिजलेला दगडी मनोरा जपून ठेवला आहे. वादळी समुद्र शांत राहावा म्हणून तिने तो जहाजातून आणला, असे सांगतात. संग्रहालय स्थानकावरून तेथवर चालत जाता येते. वाटेत गुजी टेकडी लागते. सुरो आकाशातून उतरला अशी आख्यायिका आहे ती याच टेकडीवर.